मुलांच्या संघाची शिट्टी हाती घ्यावी का?

पत्र, थोडक्यात: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३१. फुटबॉलमध्ये फॉरवर्ड म्हणून, म्हणजे पुढच्या फळीत, राज्य पातळीपर्यंत खेळल्या, गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचं ऑपरेशन झालं आणि खेळ सुटला. सध्या एका खासगी शाळेत क्रीडाशिक्षिका आहेत. गावातल्या एका मंडळाने येत्या हंगामासाठी आपल्या १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघाचं प्रशिक्षकपद त्यांना देऊ केलं आहे. मानधनाचं 'बघू, बसून ठरवू' एवढ्यावरच आहे. 'पहिली महिला कोच' म्हणून फलक लावायची तयारी मात्र सुरू झाली आहे. घरून विरोध नाही, पण उत्साहही नाही. त्या विचारतात: "इटलीची कॅरोलिना मोराचे एवढी मोठी स्ट्रायकर. तिलाही पुरुषांच्या संघाच्या प्रशिक्षकपदावरून दोन सामन्यांत जावं लागलं. मग वयात आलेली पोरं माझं काय ऐकणार? आणि हो म्हटलंच, तर शाळा सोडून पूर्ण वेळ यात उतरावं का?"

उत्तर:

ताई, दोन सामन्यांची गोष्ट खरी आहे. पण तिच्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात, तो तिच्यातून निघत नाही.

१९९९ मध्ये रोमच्या उत्तरेला असलेल्या व्हितेर्बो गावच्या व्हितेर्बेझे क्लबने मोराचेला पुरुष संघाची प्रशिक्षक नेमलं. संघ सेरी सी-१ मध्ये, म्हणजे इटलीच्या तिसऱ्या पातळीवर खेळत होता. इटलीत पुरुषांच्या व्यावसायिक संघाची सूत्रं बाईच्या हाती जाण्याची ती पहिलीच वेळ. क्लबचे अध्यक्ष लुचानो गाउच्ची. पेरुजा क्लबही त्यांच्याकडेच होता आणि वर्तमानपत्रांत गाजेल असा निर्णय घेण्याची त्यांना हौस होती. लीगचे दोन सामने झाले आणि मोराचेने स्वतः राजीनामा दिला. कारण अध्यक्षांशी मतभेद. खेळाडूंनी बंड केलं, बाईचं ऐकायला नकार दिला, असं काही घडलं नव्हतं. खटका उडाला तो वरच्या खोलीत.

तुमच्या पत्रात मुलांची भीती चार ठिकाणी आहे. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांबद्दल एक ओळ नाही. मला वाटतं, काळजी उलट्या बाजूने करायला हवी. मोराचेची पुढची कारकीर्द पाहिली की हे जास्त स्पष्ट होतं. २००० ते २००५ ती इटलीच्या महिला संघाची प्रशिक्षक होती. २००९ मध्ये कॅनडाच्या महिला संघाची झाली आणि २०१० मध्ये तिच्या संघाने उत्तर आणि मध्य अमेरिका विभागाचं, म्हणजे कॉन्ककॅफचं, विजेतेपद मिळवलं. मग २०११ च्या फेब्रुवारीत, विश्वचषक चार-पाच महिन्यांवर असताना, तिने जाहीर केलं की स्पर्धेनंतर आपण जाणार. वाद होता कॅनडाच्या फुटबॉल संघटनेशी: महिला संघासाठी पैसा किती आणि तो कसा खर्चायचा हे कोण ठरवणार? तेव्हा खेळाडू तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, सामन्यांवर बहिष्काराची भाषा झाली आणि तिने निर्णय मागे घेतला. पुढे विश्वचषकात कॅनडा तिन्ही सामने हरला, सोळा संघांत शेवटचा आला आणि ती गेली. निकाल वाईट होता, तो झाकायचं कारण नाही. पण ड्रेसिंग रूम तिच्याविरुद्ध नव्हती. व्हितेर्बेझे आणि कॅनडा, दोन्ही ठिकाणी दुखणं एकच: मैदानावरची जबाबदारी तिची, आणि त्या जबाबदारीला लागणारे अधिकार दुसऱ्याच्या खिशात.

फ्रान्समध्ये हेच एका क्लबात दोनदा तपासून पाहिल्यासारखं झालं. क्लेर्माँ या दुसऱ्या श्रेणीतल्या पुरुष संघाने २०१४ मध्ये पोर्तुगालच्या हेलेना कोश्ताला नेमलं. हंगाम सुरू होण्याआधीच ती निघून गेली. आपल्याला न विचारता खेळाडू घेतले, सराव सामने ठरवले, अशी तिची तक्रार होती. त्याच खुर्चीत मग कोरीन दियाक्र बसली आणि तीन हंगाम टिकली. दुसऱ्या हंगामात संघ सातवा आला. क्लब तोच आणि पुरुष खेळाडूही बहुतेक तेच. म्हणजे 'बाईचं पुरुष ऐकत नाहीत' या एका वाक्यात हा हिशेब बसत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीताकडे. ते पत्रात उघड लिहिलेलं नाही, पण आहे: एवढी मोठी स्ट्रायकर टिकली नाही, तर मी काय टिकणार? यात असं धरलंय की गोल जितके जास्त, तितका प्रशिक्षक म्हणून वजन जास्त. मोराचेचे गोल किती होते ते बघा. १९७८ मध्ये चौदाव्या वर्षी ती इटलीकडून युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिल्यांदा उतरली. पुढे देशासाठी १०५ गोल. बारा लीग विजेतेपदं, तीही एका क्लबात बसून नाही, क्लब बदलत बदलत. १९८८ ते १९९८ सलग अकरा हंगाम 'सेरी ए'मध्ये, म्हणजे महिलांच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, सर्वाधिक गोल तिचे. १९९० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला ४-१ हरवलं, चारही गोल तिचे. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला फिफा विश्वचषक झाला, त्यात तैवानच्या संघाविरुद्ध तिने केलेली हॅटट्रिक ही महिला विश्वचषकातली पहिली. एवढं सगळं गाठीशी असताना व्हितेर्बेझेत त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. उलट नावामुळे कॅमेरे आले आणि कॅमेऱ्यांमुळे दडपण. प्रशिक्षक म्हणून तोवर तिच्याकडे लाझिओ क्लबच्या महिला संघाचा अगदी थोडा अनुभव होता. खेळाडू म्हणून वीस वर्षं, प्रशिक्षक म्हणून जवळपास सुरुवातच.

तेव्हा तुमचे गोल कमी आहेत ही अडचण नाही. अडचण आहे ती फॉरवर्ड म्हणून लागलेल्या सवयींची. फॉरवर्ड बराचसा वेळ स्वतःच्या संघाकडे पाठ करून खेळते. शेवटचे पंचवीस मीटर तिला तळहातासारखे माहीत असतात, पण आपले चार बचावपटू एकमेकांपासून किती अंतरावर उभे आहेत हे तिने क्वचितच पाहिलेलं असतं. निवृत्त स्ट्रायकर प्रशिक्षक झाली की सराव नकळत शूटिंगचा होतो. साधा हिशेब करा. एक गोलपोस्ट, अठरा मुलं रांगेत, दर दहा सेकंदांना एक फटका. पंधरा मिनिटांत नव्वद फटके, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला पाच. उरलेला सगळा वेळ उभं राहायचं आणि पुढच्याला टपली मारायची. शिस्त बिघडते ती इथे, आणि दोष जातो 'बाई आहेत म्हणून' या सदरात. त्याऐवजी २५ बाय २० मीटरची तीन छोटी मैदानं आखा, प्रत्येकात तिघांविरुद्ध तिघे, दोन्ही टोकांना शंकू लावून गोल. अठराच्या अठरा मुलं एकाच वेळी खेळतात आणि प्रत्येकाला बचावही करावा लागतो.

तुमच्यासमोरचा प्रस्ताव मोराचेच्या नव्हे, पात्रित्सिया पानिकोच्या वाटेवरचा आहे. हीसुद्धा इटलीची फॉरवर्ड, देशासाठी शंभराहून जास्त गोल, २०१६ मध्ये निवृत्त. ती थेट पुरुषांच्या सिनियर संघात गेली नाही. इटलीच्या फुटबॉल महासंघात वयोगटाच्या संघांबरोबर तिने काम सुरू केलं. २०१७ च्या मार्चमध्ये जर्मनीविरुद्धच्या सामन्यांसाठी १६ वर्षांखालील मुलांचा संघ तिच्याकडे आला. इटलीच्या मुलांच्या किंवा पुरुषांच्या कोणत्याही राष्ट्रीय संघाची सूत्रं घेणारी ती पहिली. मग १५ वर्षांखालील मुलांचा संघ पूर्णपणे तिच्याकडे, मग २१ वर्षांखालील संघात सहायक, आणि २०२१ मध्ये फिओरेंतिनाच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक. एकेक पायरी, आणि पाठीशी महासंघ. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला समोरचा माणूस शिकवतोय की नुसता ओरडतोय, एवढंच कळायला हवं असतं. पहिल्या दोन आठवड्यांत त्याचा खेळ एका बाबतीत सुधारला, की तुम्ही बाई आहात हा विषय त्याच्या डोक्यातून जातो. त्याच्या काकांच्या डोक्यातून जायला जास्त वेळ लागतो.

म्हणून होकाराआधी अटी कागदावर घ्या. मोठा करार नको. मंडळाच्या लेटरहेडवर एक पान, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या. त्यात सगळ्यात वर ही ओळ: सामन्यासाठी उतरणारे अकरा आणि बदली खेळाडू प्रशिक्षक ठरवील, त्यात कुणी बदल सुचवणार नाही. मंडळांच्या संघात हीच गोष्ट आधी मोडते, कारण देणगीदाराचा पुतण्या नेहमी राइट विंगरच असतो. दुसरी ओळ मुदतीची: पूर्ण हंगाम. मधे काढायचं झालं तर महिनाभर आधी लेखी सूचना आणि तोवरचं मानधन. 'बघू, बसून ठरवू' हे मानधन नव्हे. महिन्याचा आकडा आणि तारीख लिहून घ्या, आकडा छोटा असला तरी चालेल. तिसरं, सहायक तुम्ही निवडणार. चौथं साहित्याचं: किमान १२ चेंडू, पाच नंबरचे, ४० शंकू, दोन रंगांच्या बिब्स (संघ ओळखायला शर्टावर घालायच्या बंड्या), प्रत्येकी दहा, प्रथमोपचार पेटी आणि बर्फाची सोय. दोन चेंडूंवर बावीस मुलांचा सराव घेणं म्हणजे पुन्हा तीच रांग.

आणि एक गोष्ट मुद्दाम वेगळी सांगते, कारण ती तुमच्या अंगाशी येऊ शकते. वयोगटाच्या स्पर्धेत खेळाडूंच्या यादीवर प्रशिक्षकाची सही लागते. वयचोरी आपल्याकडे काही नवीन नाही. प्रत्येक मुलाचा मूळ जन्मदाखला आणि शाळेची नोंद स्वतः पाहिल्याशिवाय त्या यादीवर सही करू नका. 'आम्ही बघितलंय, मॅडम' यावर तर नाहीच. ही अटही त्या पानावर येऊ द्या. ती वाचून कुणाचा चेहरा उतरला, तर बाकीचा प्रस्ताव वाचायची गरज उरत नाही.

फलकाचं काय? 'पहिली महिला' हा मान तुमचा आहे, नाकारायचं कारण नाही. पण तो पहिल्या दिवशी नको. पहिला सामना हरलात, तर त्याच फलकाखाली उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. फलक हंगाम संपल्यावर लावा, असं हसत हसत सांगून टाका. बातमीदारांशी बोलायचं झालं तर संघाबद्दल तुम्ही बोलाल, मंडळाबद्दल सचिव. हेही आधीच ठरलेलं बरं.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शाळा सोडू नका. मोराचेकडे बघून तुम्हाला वाटत असेल की तिने आयुष्य फुटबॉलवर काढलं. इटलीत १९८१ च्या ९१ क्रमांकाच्या कायद्याने व्यावसायिक खेळाडूची चौकट आखली, पण महिला फुटबॉल त्या चौकटीत आलं १ जुलै २०२२ रोजी. मोराचे, पानिको आणि त्यांच्या पिढीतल्या सगळ्या कागदोपत्री हौशी खेळाडू होत्या. मोराचेने खेळता खेळता कायद्याचं शिक्षण घेतलं आणि ती वकील झाली. ज्याची पोटाची सोय दुसरीकडे आहे, त्यालाच दोन सामन्यांनंतर ताठ मानेने राजीनामा देता येतो. शाळेची नोकरी हीच तुमची ती सोय आहे. शिवाय १७ वर्षांखालील संघाला पूर्ण वेळ लागतही नाही. आठवड्यात नव्वद मिनिटांचे तीन सराव आणि एक सामना, एवढं बास. मुलांच्याही दहावी-बारावी आहेत. मुख्याध्यापकांना मात्र आधी सांगा आणि परवानगी लेखी घ्या. खासगी संस्थेत बाहेरच्या मानधनावरून नंतर प्रश्न निघतात.

पहिले सहा आठवडे कसे घ्यायचे, तेही सांगते. प्रत्येक सरावाची पहिली वीस मिनिटं फिफाने आखलेला ११+ हा वॉर्म-अप घ्या: आठ मिनिटं धावण्याचे प्रकार, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटची दोन मिनिटं वेगात धावणं, एकूण पंधरा व्यायाम. आठवड्यातून किमान दोनदा झाला तरच गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती कमी होण्यात त्याचा फायदा दिसतो. उडी मारून उतरताना मुलांचे गुडघे आत वळतात का, एवढं एक बघा. एसीएलला तेच घातक आणि ते ओळखायला तुमच्याइतका तयार डोळा मंडळात दुसऱ्या कुणाचा नसेल. मग बारा-पंधरा मिनिटं चौघांविरुद्ध दोघे, आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात. अठरा मुलांचे तीन चौकोन होतात, गोलकीपर दोघे सहायकाकडे. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं त्या आठवड्याचा एकच विषय.

पहिल्या तीन आठवड्यांचा विषय बचावाची रांग ठेवा. तुमची कच्ची बाजू ती आहे आणि मुलांचीही बहुधा तीच असेल. चार बचावपटू, एकमेकांत आठ-दहा मीटर अंतर. चेंडू एका बाजूकडून दुसरीकडे गेला की चौघांनी एकत्र सरकायचं. सुरुवातीला हल्लेखोर नुसते चेंडू फिरवतील, गोलवर मारणार नाहीत. लांबचा बचावपटू सरकायला विसरतो आणि त्याच्या आतल्या बाजूला भोक पडतं; दहापैकी सात गोल गावच्या स्पर्धांत तिथून होतात असं मी म्हणेन, आकडा अर्थात अंदाजाचा. चौथ्या आठवड्यापासून फॉरवर्डचं काम घ्या: बचावपटूच्या नजरेआड कसं जायचं, धाव केव्हा सुरू करायची. हे तुम्ही जितकं चांगलं शिकवाल तितकं आसपास कुणी शिकवणार नाही. शेवटची वीस मिनिटं ५० बाय ४० मीटरमध्ये सातास सात सामना, मधे न थांबवता.

स्वतः करून दाखवायचा मोह टाळा. ऑपरेशन झालेला गुडघा, कडक मैदान आणि झटकन वळणं, हे एकत्र येऊ देऊ नका. एखाद्या मुलाला पुढे बोलवा, सावकाश करायला लावा आणि तुम्ही बाजूला उभ्या राहून बोला. मुलं तुमच्या पायांकडे बघत राहिली तर स्वतःच्या पायांकडे कधी बघणार?

कपडे बदलण्याच्या खोलीचा प्रश्न तुम्ही दोनदा विचारलाय. त्यात अवघड काही नाही. मुलं किट घालून बाहेर आली की बोलायचं. मैदानाच्या कडेला बोलणं सगळ्यात सोयीचं. खोलीत जायचंच झालं तर सहायक आधी, दार वाजवून, तुम्ही नंतर. एकट्या मुलाशी बंद दाराआड बोलणं नाही. फोनवरचे निरोप गटावर, आणि त्या गटात व्यवस्थापक व एक पालक. बाहेरगावी जाताना बरोबर दोन मोठी माणसं. मुलं अठराच्या आतली आहेत, त्यामुळे हे नियम पुरुष प्रशिक्षकालाही तंतोतंत लागू आहेत. फक्त बरेच जण पाळत नाहीत.

परवान्याचा विषय पत्रात नाही, म्हणून काढते. राज्य पातळीवर खेळलेल्या बऱ्याच जणींना वाटतं की खेळाचा अनुभव पुरतो. भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना, मग सी, बी, ए आणि वर प्रो अशी आशियाई पातळीची शिडी आहे, आणि वर चढायचं तर प्रत्यक्ष संघ हाताळल्याचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे हा हंगाम वाया जात नाही, तो पुढच्या परवान्याच्या अर्जात लिहिता येतो. प्रत्येक सरावाचा आराखडा तारखेसह वहीत ठेवा: किती मुलं आली, काय घेतलं, काय जमलं नाही. डी परवान्याच्या वर्गाची फी मंडळाने भरावी, ही पाचवी अट त्या पानावर घाला. मानधनात ओढाताण होणार असेल तर याच्यावर जास्त जोर द्या.

तुमच्यासारख्या आणखी कुणाला असा प्रस्ताव आला असेल, आणि तो थेट सिनियर संघाचा असेल, तर मात्र माझं उत्तर इतकं सरळ नसतं. सिनियर संघात निकाल दर रविवारी मोजला जातो आणि शिकायला वेळ मिळत नाही. तिथे आधी एक हंगाम सहायक म्हणून मागून घ्यावा. कमीपणा वाटेल, वाटू दे. मोराचे व्हितेर्बेझेनंतरही थांबली नाही. २०१८-१९ मध्ये तिच्या मिलानच्या महिला संघाने सेरी एमध्ये तिसरं स्थान मिळवलं, आणि २०२१ मध्ये लाझिओच्या महिला वरच्या श्रेणीत गेल्या तेव्हाही प्रशिक्षक तीच होती, जरी त्याच वर्षी तिथून तिला जावं लागलं. तिची कारकीर्द त्या दोन सामन्यांवर मोजणाऱ्यांनी हेही मोजावं.

तर मंडळाला तोंडी होकार देऊ नका. अटींचं पान तुम्हीच लिहून न्या, ते लिहितील याची वाट बघू नका. दोन प्रती काढा, सचिवांना एक द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. आठ दिवसांत सही आली नाही तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको. सही आली, तर पहिल्या सरावाआधी जन्मदाखल्यांची फाइल मागवा.